'मध्यंतर' या बँडच्या टेपची आणि इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, गोड बोलून बसवलेले नाही. गोंधळलेली मात्र आहे. शुद्ध आणि गोंधळ एकत्र चालतात का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "चालतात. माझ्याकडे येणारे बहुतेक तसेच असतात." तेव्हा तसे नमूद करून पुढे जाते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्याला घरात घेऊ नये.

कलम १. दोन्ही खोल्या, त्यांतील कपाटे, पलंग, भांडी आणि पुस्तके माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावीत. मागच्या खोलीचे दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हे तिला माहीत आहे. भिंतीवरचा जगाचा नकाशा काढू नये. त्यातले काही देश आता राहिलेले नाहीत, पण त्याच्यामागे ओल आहे.

कलम २. बँकेतील शिल्लक मी शिकवत होते त्या शाळेला द्यावी. तिच्यातून नकाशे घ्यावेत. पृथ्वीगोल घेऊ नयेत. मुले ते नुसते गरागरा फिरवतात आणि शिक्षकांना वाटते भूगोल झाला.

कलम ३. काळा बास गिटार, त्याचा ॲम्प्लिफायर आणि खांद्याचा पट्टा. हाही भाचीला. तिला तो वाजवता येत नाही आणि वाजवायची इच्छाही नाही. म्हणूनच तो तिच्याकडे सुरक्षित राहील.

भूगोल शिकवणाऱ्या बाईकडे बास गिटार कुठून आला, हे इथे लिहिणे भाग आहे, कारण पुढची सगळी कलमे त्यावरच अवलंबून आहेत. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. तेव्हा तो ते काम शिकत होता आणि उरलेला वेळ गिटार वाजवून ओरडत होता. त्याचा मित्र दातांचा डॉक्टर होण्याच्या मार्गावर होता आणि ड्रम वाजवत होता. या दोघांनी हार्डकोर पंक बँड काढायचे ठरवले. हार्डकोर पंक म्हणजे फार जलद, फार मोठ्याने आणि फार थोडा वेळ वाजवायचे संगीत, अशी व्याख्या मला त्या वेळी सांगण्यात आली. तिच्यात भर घालावी असे आजवर काही मला कळलेले नाही.

त्यांना बास वाजवणारा मिळेना. जो येई तो महिन्याभरात डोके धरून निघून जाई. एक दिवस भाऊ म्हणाला, "ताई, तुझं फक्त चार दिवस काम आहे. तू वेळेवर येतेस एवढंच पुरे."

मी विचारले, "मला सूर कळत नाहीत, त्याचं काय?"

"आम्हाला तरी कुठे कळतात?" डॉक्टर म्हणाला.

मी चार दिवसांसाठी गेले आणि बँड मोडेपर्यंत राहिले. का राहिले, हा प्रश्न मला शाळेच्या मुख्याध्यापिकांनीही विचारला होता. मी उत्तर देऊ शकले नाही. अजूनही देऊ शकत नाही. एवढेच सांगते की त्या गोदामातून बाहेर पडल्यावर रस्ता फार शांत वाटे आणि मला ती शांतता आवडे. त्यासाठी आधी एवढा आवाज करायची गरज होती का, हे कळत नाही.

गोदाम डॉक्टरच्या काकांचे होते. टायरचे. छतापर्यंत टायर रचलेले, मध्ये तिघांपुरती जागा. टायर आवाज गिळतात. त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार आली नाही आणि आम्ही कसे वाजवतो हे आम्हालाही बराच काळ नीट ऐकू आले नाही.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचे नाही. वकीलबाईंनी ते वगळायला सांगितले होते. मी ठेवले आहे.

आमची सगळी गाणी सिनेमांवरची होती. प्रेमाची नाहीत, राजकारणाची नाहीत. सिनेमा पाहायचा आणि तो आख्खा गाण्यात कोंबायचा. एक मोठा युद्धपट आम्ही बुटाची नाडी बांधायला लागतो त्याहून कमी वेळात संपवत असू. भावाचे म्हणणे असे, की सिनेमात दोनच गोष्टी घडतात, बाकी लोक दारे उघडतात आणि बंद करतात.

आमचा एक नियम होता. सिनेमा सुटल्यावर गोदामात पोचून वाद्ये हातात घेईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. चित्रपटगृहाचा जिना, कोपऱ्यावरचे चपलांचे दुकान, रेल्वेचे फाटक, सगळे मुक्याने ओलांडायचे. फाटक बंद असले तर तिथेही मुक्यानेच उभे राहायचे. डॉक्टर म्हणे, "बोललं की सिनेमाची गोष्ट होते. गोष्ट झाली की गाणं मेलं." नियम मला पटला होता. वर्गात मी तोच लावत असे. या नियमामुळे आमची बरीच चांगली गाणी झाली आणि आमचा घातही त्यानेच केला.

'मध्यंतर' हे नाव माझे. दोघांनी सुचवलेली नावे मी या कागदावर लिहिणार नाही.

आम्ही वाजवले ती ठिकाणे: सभागृहे, एका कारखान्याचे उपाहारगृह, पाणी काढून टाकलेला एक पोहण्याचा तलाव. तलाव सर्वांत चांगला. माणसे उतरत्या तळावर उभी होती आणि उड्या मारता मारता सगळी खोल बाजूला गोळा झाली. मी वरून पाहत होते. पाण्याचेही असेच होते, हे मी दुसऱ्या दिवशी सहावीला सांगितले. कुठे पाहिले ते सांगितले नाही.

कलम ५. जुन्या बाबी.

ज्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने आमची वीज तोडली आणि पाटीवर 'गोंगाट रद्द' असे लिहिले, त्याला माझा तुटका प्लग पाठवावा. तो हयात असल्याचे कळते.

खालच्या मजल्यावरच्या आजी, छापखाना चालू असताना यंत्रांच्या आवाजात सुखाने झोपत, पण माझे एक बोट तारेला लागले की काठीने छत ठोकत. त्या गेल्यावर त्यांच्या मुलाने ती काठी मला आणून दिली. का दिली, मला समजले नाही. ती भाचीने ठेवावी. त्या काठीचा ठोका नेमका असे, डॉक्टरपेक्षाही.

वर्तमानपत्रातल्या समीक्षकाला काही देऊ नये. त्याने आमच्या नऊ गाण्यांच्या तबकडीवर अर्धे पान लिहिले होते. पुढचे कलम वाचल्यावर कारण कळेल.

कलम ६. माझ्या यजमानांच्या वस्तू: प्रोजेक्टरची भिंगे, फिल्म जोडण्याची कात्री, डिंकाची बाटली, पांढरे हातमोजे. या वस्तू चित्रपटगृहाला परत द्याव्यात. चित्रपटगृह आता नाही. तेव्हा भाचीने योग्य वाटेल ते करावे.

यजमान तिथे ऑपरेटर होते. तेव्हा ते माझे यजमान नव्हते. दुपारच्या रिकाम्या खेळाला ते आम्हाला मागच्या रांगेत बसू देत आणि वरच्या खिडकीतून हात हलवत. मला वाटे भावाला हात करतात. भावाला वाटे डॉक्टरला.

एकदा पुलावरच्या पहारेकऱ्याचा सिनेमा लागला. सभागृहात आम्ही तिघे आणि एक झोपलेला गृहस्थ. पडद्यावर आधी एक दफन झाले. मग पूल कोसळला. मग तोच पूल धडधाकट दिसला, आणि दफनात गेलेला पहारेकरी त्यावर उभा राहून विड्या ओढू लागला. मग त्याच्यावर फितुरीचा आरोप झाला. मग लग्न. मग ती बाई त्याला ओळखेचना. शेवटी तो तरुण पहारेकरी हातात ट्रंक घेऊन पूल ओलांडून गावात येतो, एका बंद दारासमोर उभा राहतो आणि विचारतो, "इथे कोणी आहे का?" दिवे लागले.

मला काही म्हणता काही कळले नाही. मला वाटले, या दोघांना कळले असेल. भावाला वाटले, ताई शिकलेली आहे, तिला कळले असेल. डॉक्टरला काय वाटले ते त्याने कधीच सांगितले नाही. आणि नियमाप्रमाणे फाटकापाशी आम्ही तिघेही गप्प उभे होतो.

गोदामात पोचल्यावर जे वाजले ते आमच्यापैकी कोणी पुन्हा तसे वाजवू शकले नाही. सिनेमाच्या नऊ रिळांची नऊ गाणी. शेवटच्या गाण्यात भाऊ एकच ओळ ओरडतो, "इथे कोणी आहे का?" पुढे पुढे सभागृहातली माणसे एकदम उत्तर देत, "आहे!" उत्तर आमच्या गाण्यात लिहिलेले नव्हते. ते त्यांनी आपणहून घातले. मृत्यूपासून आगमनापर्यंत काळाचा उलटा प्रवास करणारी प्रतिभा, असे त्या समीक्षकाने छापले. आम्हाला प्रतिभा असल्याचे तेव्हा कळले.

बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. भाऊ जिने चढून धापा टाकत माझ्याकडे आला.

"ताई, तो शेवटी मरतो."

"कोण?"

"पहारेकरी! आधी येतो, मग लग्न करतो, मग पूल पडतो, मग मरतो. सरळ, साधा, रडका सिनेमा आहे. आपल्याला रिळं उलटी दाखवली! शेवटचं आधी, पहिलं शेवटी!"

मी यजमानांकडे पाहिले. ते भाजी चिरत होते. म्हणाले, "डबे तसेच आले होते. लेबलं निघालेली. वरचा डबा आधी लावला. पुढच्या खेळाला सरळ करून घेतलं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?" भाऊ म्हणाला.

"तुम्ही गप्पच होता. मला वाटलं आवडला."

शेवटच्या दुखण्यात मात्र त्यांनी मला वेगळे सांगितले. म्हणाले, "मुद्दाम लावली होती. तो शेवटी मरतो ते तुला बघवलं नसतं." त्या वेळी त्यांना औषधाची गुंगी होती आणि थोड्याच वेळापूर्वी त्यांनी परिचारिकेला चित्रपटगृहाची मालकीण समजून पगारवाढ मागितली होती. त्यामुळे यातले कोणते बोलणे धरायचे हे मी ठरवू शकलेले नाही. ज्या माणसाने मला आयुष्यभर एकही कौतुकाचा शब्द सांगितला नाही, त्याने आमच्या ओळखीच्याही आधी माझ्यासाठी नऊ रिळे उलटी लावली, असे मानायचे का? मी सोमवारी मानते आणि मंगळवारी मानत नाही.

कलम ७. बँड कसा मोडला याबद्दल पुष्कळ कंड्या पिकल्या आहेत. खरे असे आहे.

भावाचे म्हणणे पडले, की आपण लोकांना चुकीचा सिनेमा सांगत आलो. गाणी सरळ क्रमाने वाजवायची, तबकडीही तशीच पुन्हा काढायची. तो लिफ्टवाला आहे. मजले क्रमाने आले पाहिजेत, असे त्याचे मत असणारच. डॉक्टर म्हणाला, "आपण जे पाहिलं ते पाहिलं. त्यांचा सिनेमा त्यांचा, आपला आपला." दोघेही बरोबर बोलत आहेत असे मला वाटले आणि मी तसे सांगितले. त्यावर दोघेही माझ्यावर चिडले.

पुढच्या कार्यक्रमात भावाने नवव्या गाण्यापासून सुरुवात केली आणि डॉक्टरने पहिल्यापासून. कोणी मागे हटेना. गिटार पूल ओलांडून येत होता आणि ड्रम दफन करत होते. नऊ गाण्यांत पाचवे गाणे दोन्ही बाजूंनी पाचवेच असते, म्हणून मी पाचवे लावून धरले आणि वाट पाहत राहिले, की दोघेही केव्हातरी तिथे येतील. दोघेही आले, पण एकमेकांना ओलांडून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो आमचा सर्वोत्तम कार्यक्रम वाटला. भाऊ मागच्या दाराने गेला, डॉक्टर पुढच्या. मी तारा गुंडाळल्या.

तेव्हापासून दोघे एका खोलीत आलेले नाहीत. भावाची दाढ दुखते तेव्हा तो शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. डॉक्टरचा दवाखाना पाचव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद पडली तर तो पेशंटना चढून यायला लावतो.

कलम ८. नऊ गाण्यांची मूळ टेप. ही माझ्या कपाटात, हिवाळी कपड्यांखाली आहे. कागदोपत्री मालकी माझी, कारण त्या वेळी करार वाचून सही करणारी मी एकटीच होते. एका लहान कंपनीला आता ती तबकडी नव्याने काढायची आहे. त्यांचे एकच विचारणे आहे, की गाणी कोणत्या क्रमाने? मला माहीत नाही. ज्याला टेप मिळेल तो क्रम ठरवील, आणि दुसरा त्याला जन्मात क्षमा करणार नाही.

वकीलबाईंनी एक कायदा सांगितला, की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. माझ्या उपयोगी पडलेला हा पहिला कायदा. मी दोघांना सारखाच निरोप दिला: येत्या शनिवारी सकाळी माझ्याकडे साक्षीदार म्हणून यावे. जो येईल त्याला काही मिळणार नाही. जो येणार नाही, त्याला टेप मिळेल. दोघेही आले नाहीत, तर टेप भंगारात जाईल.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, अशी अट असते का? न येण्याबद्दल बक्षीस?"

भावाचा लगेच फोन आला. "ताई, तो येणार आहे का?"

"त्याला विचार."

"मी कशाला विचारू? म्हणजे मी आलो आणि तो नाही आला, तर टेप त्याला?"

"हो."

"आणि तो उलटीच छापणार!"

"छापेल."

"हा काय न्याय झाला? तू माझी सख्खी बहीण ना?"

"म्हणून तर बोलावते आहे," मी म्हटले आणि फोन ठेवला.

डॉक्टरचा फोन दुपारी आला. मागे त्याचे यंत्र कोणाच्या तरी दातात चालू होते. तो म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी नाही का?"

"माझी तब्येत उत्तम आहे. तू येणार आहेस का?"

"तो अजून ओरडतो का हो?"

"लिफ्टमध्ये ओरडत असेल. मला कल्पना नाही."

"बघतो," तो म्हणाला. पुढे पेशंट ओरडला.

यामुळे टेप कोणाला, ही जागा मी कोरी ठेवली होती. खालचा मजकूर आज, शनिवारी सकाळी, सह्यांच्या आधी लिहीत आहे.

कलम ८, पुढे चालू. डॉक्टर वेळेच्या आधी आला. शर्ट इस्त्रीचा, केस पूर्ण पांढरे. नकाशाखालच्या खुर्चीत बसला आणि बोटांनी गुडघ्यावर वाजवू लागला. वकीलबाई कागद लावत होत्या. भाची चहा करत होती. ठरलेली वेळ झाली. मग ती टळली. डॉक्टर म्हणाला, "म्हणजे टेप त्याची. ठीक आहे, बाई. लिहा."

मी पेन उचलले. रागाने उचलले, हे लिहून ठेवते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि थांबली. घराची घंटा बिघडलेली आहे. कोणीतरी दार वाजवेल म्हणून आम्ही थांबलो. दार वाजले नाही. बाहेरून भाऊ ओरडला. आवाज पूर्वीइतका चढला नाही, मध्येच फाटला.

"इथे कोणी आहे का?"

तो गाणे म्हणत होता की सरळ विचारत होता, हे मला कळले नाही. मी उठणार तोच डॉक्टर, दाराकडे न बघता, गुडघ्यावरचा हात न थांबवता म्हणाला, "आहे."

भाऊ आत आला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. कोणी एक शब्द बोलेना. मला रेल्वेचे फाटक आठवले. भाची कप घेऊन दारात उभी होती, तिने मला खुणेने विचारले, "काय झालं?" मी खुणेने सांगितले, की मला माहीत नाही.

मग भाऊ म्हणाला, "म्हातारा झालास लेका."

"तुझी खालची दाढ कोणी काढली? कसाई होता का तो?"

"तू होतास कुठे?"

"पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे."

"वायर घासली असेल. बघतो सोमवारी."

त्यानंतर कोण आधी सही करणार यावरून भांडण सुरू झाले. भाऊ म्हणे, डॉक्टर आधी आला, म्हणून तो पहिला. डॉक्टर म्हणे, मी शेवटी सही करणार असेन तर मला चालेल, पण शेवट म्हणजे काय ते आधी ठरवू. वकीलबाईंनी डोक्याला हात लावला आणि दोन प्रती केल्या. एकीत डॉक्टर पहिला, दुसरीत भाऊ. दोन्ही मूळ समजाव्यात.

दोघेही आले. सबब दोघांनाही काही मिळणार नाही. टेप भाचीला द्यावी. ही गाणी तिला लहानपणापासून अजिबात आवडत नाहीत, त्यामुळे ती कोणाचा पक्ष घेणार नाही. गाण्यांचा क्रम मात्र या दोघांनी एकत्र बसून ठरवावा, आणि बसण्यासाठी ही पुढची खोली वापरावी. ठरेपर्यंत कंपनीने थांबावे.

त्यांनी लवकर ठरवू नये.

हे मी समजून उमजून लिहिले आहे, जेवढे समजले तेवढे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शनिवार, वकिलांच्या शिक्क्यात आहे ती तारीख

मृत्युपत्र करणारी: (सही)
मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) दंतवैद्य
साक्षीदार दुसरा: (सही) लिफ्ट दुरुस्ती, मृत्युपत्र करणारीचा भाऊ

वकिलांची नोंद: मृत्युपत्र करणारीची सही दोनदा आहे. कायद्याप्रमाणे साक्षीदारांनी ती सही होताना पाहिली पाहिजे. पहिल्या वेळी दोघेही एकमेकांकडे पाहत होते.